संध्याकाळचा पेग



मागच्या अंकात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी लिहिले होते. ते वाचून एका बाईंचा फोन आला. गोळ्यांचे दोन प्रश्न विचारून झाले तरी त्या फोन ठेवीनात. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? आमचे हे रोज दोन पेग घेतात. चाळीस वर्षं घेतायत. कधी शिवी नाही, हात उचलणं नाही. पण हल्ली बाटली गुरुवारीच संपते. पूर्वी शब्बाथ उलटून जायचा. मी बोलले की म्हणतात, दोनच तर घेतो."

ते गृहस्थ खोटे बोलत नसावेत. दोनाचे दोनच राहिले असतील. पण पेग केवढा हे ओतणारा हात ठरवतो, आणि तो कशासाठी हे मन ठरवते. कामावरून निवृत्त झाल्यावर या दोन्ही गोष्टी गुपचूप बदलतात, आणि ज्याच्या बदलतात त्याला शेवटी कळते. आपल्यात दारूचे नाव काढले की दोनच माणसे डोळ्यांसमोर येतात. एक रस्त्याच्या कडेला पडलेला आणि दुसरा लग्नात नाचणारा. घरात टीव्हीसमोर शांत बसून पिणारा तिसरा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आज त्याच्याविषयी लिहिते.

१९४६ साली रॉबर्ट बेल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आयरिश आणि ज्यू लोकांच्या पिण्याची तुलना केली. ज्यू घरांत वाइन बहुतेक सगळ्यांनाच लहानपणापासून माहीत, तरी त्यांच्यात दारूडे फार थोडे निघत. आयरिश लोकांत मात्र पुष्कळ. असे का, हे शोधताना त्याने पिण्याकडे पाहण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या. काही लोक अजिबात शिवत नाहीत. काही धर्मविधी म्हणून घेतात. काही चार माणसे जमली म्हणून, सोबतीसाठी घेतात. आणि काही जण दारूला काम सांगतात: झोप आण, भीती घालव, गुडघा दुखतोय तो विसरायला लाव, सुनेचा राग गिळायला मदत कर. बेल्सच्या मते ही चौथी तऱ्हा सर्वांत धोक्याची. पुढे १९५८ साली चार्ल्स स्नायडर यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या ज्यू पुरुषांवर पुस्तक लिहिले. त्यांना असे दिसले की घरातले धार्मिक वळण जसजसे सुटत गेले, तसतसे झिंगण्याचे प्रमाण वाढत गेले. म्हणजे नुसते ज्यू असणे उपयोगाचे नव्हते. "आपल्या लोकांना नाही लागत दारूचं व्यसन" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मी चाळीस वर्षे नर्स होते, आणि आपल्या लोकांना लागलेले पाहिले आहे.

आता बेने इस्राएलांचे पाहा. आपल्या किद्दुशच्या प्याल्यात वाइन होती कुठे? काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, स्वच्छ फडक्यातून गाळायच्या, आणि त्या शरबतावर बेराखा म्हणायची. घरात, बायकामुलांसमोर, उभे राहून घेतलेला तो प्याला बिननशेचा. नशेचा प्याला आपले पुरुष घराबाहेर शिकले. कोकणात माडी-ताडी, पलटणीत रम, आणि मुंबईत तर दारूबंदी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा तो काळ माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. आंटीच्या अड्ड्यावर उभ्या उभ्या नवटाक घशात ओतायची, वर चिमूटभर मीठ नाहीतर उकडलेले चणे, आणि पोलीस यायच्या आत बाहेर. घरी जाताना वेलची चघळायची. ज्यांना उघड घ्यायची असे त्यांना परमिट काढावे लागे, आणि ते मिळे प्रकृतीच्या कारणासाठी! सरकारनेच कागदावर लिहून दिले की ही बाटली म्हणजे औषध. घराघरांत तसाही समज होताच. सर्दी झाली की ब्रँडी, बाळंतिणीला ब्रँडी, थंडी वाजली की ब्रँडी. (ब्रँडीने ऊब येते ती कातडीपुरती. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर निघून जाते, आणि शरीर उलट थंडच पडते.)

माझे स्वतःचे मत असे की ज्या रीतीने माणूस प्यायला शिकतो, ती रीत हाताला राहते. लवकर, लपून, पोटात काही नसताना आणि औषध म्हणून. हीच रीत घेऊन काही जण विमानात बसले आणि लोदला उतरले. इथे दुकानात अराकची बाटली उघड्यावर मांडलेली, कोणाचे भय नाही. पण स्वयंपाकघरात पाठ वळवून एका घोटात पेला रिकामा करणारे मी इथेही पाहिले.

आता मनाकडे येऊ. दारू शरीरात जाऊन काम करते हे खरे, पण तिचे निम्मे काम आपली अपेक्षाच करते. अ‍ॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही व्यसनी आणि काही साधे पिणारे पुरुष घेतले. त्यांना सांगितले की ही पेये चाखून चवीविषयी मत द्या, हवे तेवढे प्या. काहींना व्होडका आणि टॉनिक दिले, काहींना नुसते टॉनिक. त्यातली मेख अशी की काहींना खरे सांगितले आणि काहींना उलटे. निकाल काय? ज्यांना वाटत होते की आपल्या ग्लासात व्होडका आहे, ते जास्त प्याले. ग्लासात ती असो वा नसो. व्यसनी माणसांचेही तेच. नकळत व्होडका पोटात गेली म्हणून त्यांचा ताबा सुटला नाही. "एक घोट गेला की माझा इलाजच चालत नाही" ही समजूत माणसाला किती ओढते, ते यावरून कळते.

दुसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. पावलोव्हच्या कुत्र्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. घंटा वाजली की लाळ. आठच्या बातम्यांची धून लागली की अनेकांची जीभ तशीच कोरडी पडते. तलफ आतून आली असे वाटते, पण खरे तर तिला खुर्चीने, धुनेने, त्या ठरावीक ग्लासने हाक मारलेली असते. शरीरही नेहमीच्या जागी आधीच तयारीला लागते. म्हणून घरी न चढणारे दोन पेग परक्या हॉलमध्ये नातवाच्या लग्नात चढतात, आणि लोक म्हणतात काकांना आज काय झाले. याची चांगली बाजू अशी की त्या वेळी खुर्ची बदलली, आठ वाजता कोणाला फोन लावला, जेवण साडेसातला उरकले, तर तलफ बरीचशी ओसरते. लाट असते ती. साधारण वीस-तीस मिनिटे सोसली की उतरणीला लागते.

आता एकट्याने पिण्याविषयी. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या वयाला हेच लागू आहे. आपले पूर्वज शनिवार तेली. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडे का बांधतात, हे आपल्याला सांगायला नको. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दारूविषयी जवळजवळ हेच म्हटले आहे. दारू मनाला झापडे बांधते. जे अगदी समोर आहे तेवढेच दिसते. मागचे, पुढचे, बाजूचे काही दिसत नाही. मग समोर काय आहे, यावर सगळे अवलंबून. समोर मित्र असतील, गाणे असेल, पत्ते असतील, तर दुःख झापडांच्या पलीकडे राहते आणि माणूस हलका होतो. त्यांनी प्रयोग करून पाहिला. लोकांना सांगितले की थोड्या वेळाने तुम्हाला भाषण करायचे आहे. ज्यांना दारू देऊन काहीतरी कामात गुंतवले, त्यांची धास्ती कमी झाली. ज्यांना दारू दिली पण नुसतेच बसवून ठेवले, त्यांची धास्ती कमी झाली नाही, उलट वाढत गेली.

आता बायको गेलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाचा विचार करा. दिमोनात किंवा बेर शेव्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुले रिशोनला, नातवंडांशी बोलायचे ते हिब्रूत, आणि यांचे हिब्रू बाजारापुरते. दिवसभरात मराठीतून एक वाक्य बोलायला कोणी नाही. तो आठ वाजता ग्लास भरतो आणि समोर असते रिकामी खुर्ची. दारू झापडे बांधते, आणि खुर्चीशिवाय दुसरे काही दिसेनासे होते. लग्नात हसवणारा पेग इथे रडवतो. मग हा गडी म्हणतो की एकाने भागले नाही, अजून एक घेऊ. त्याला गंमत करायची नसते. त्याला दुखणे थांबवायचे असते. दारूडा म्हणून त्याला हिणवून काहीही हाती लागत नाही, हे मी घरच्यांना कितीतरी वेळा सांगितले.

मेंदूत काय होते तेही थोडक्यात सांगते. मेंदूला ब्रेक आहे आणि अ‍ॅक्सेलरेटर आहे. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सेलरेटर ढिला करते, म्हणून शांत वाटते. रोज रोज कोणी ब्रेक दाबू लागले की मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी अ‍ॅक्सेलरेटरवर जोर देऊ लागतो. पहाटे दारू उतरते, पण तो जोर तसाच राहतो. छातीत धडधड, हात थरथर, कारण नसताना काळजी. संध्याकाळी माणूस ती काळजी घालवायला पितो, आणि ती काळजी आदल्या रात्रीच्या बाटलीतूनच आलेली असते.

झोपेचेही तेच. पेगने डोळा लवकर लागतो, यात शंका नाही. पण उत्तररात्री झोप तुटते, दोन-तीन वाजता टक्क जाग येते, लघवीला उठावे लागते, आणि अंधारात तोल जातो. माकडहाड किंवा खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी नेहमी विचारत असे, "पडलात तेव्हा किती वाजले होते?" उत्तर बहुतेक वेळा उत्तररात्रीचे असे.

वय झाले की शरीरातला पाण्याचा अंश कमी होतो आणि स्नायू झडतात. दारू पाण्यात मिसळते. पाणी कमी म्हणजे तेवढ्याच पेगने रक्तातले प्रमाण जास्त चढते. बायकांच्या शरीरात पाणी मुळातच कमी, म्हणून त्यांना आणखी लवकर. चाळिसाव्या वर्षी पचणारे दोन पेग पंच्याहत्तरीला तीनासारखे वागतात. लहान पेग म्हणजे ३० मिलीलीटर, त्यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि ते जाळायला यकृताला तासभर किंवा थोडे जास्तच लागते. घरात मोजून कोण ओततो? एकदा नेहमीसारखे ओता आणि मग ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून पाहा. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावले, त्यांचा एक पेग बहुधा दोन निघाला. फोनवरच्या बाईंनाही हेच करायला सांगितले आहे.

गोळ्यांची गाठही इथेच पडते. झोपेची गोळी आणि पेग एकत्र म्हणजे ब्रेकवर दोन पाय, श्वास मंदावतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रात्री साखर धोक्याची खाली येते, कारण यकृत दारू जाळण्यात गुंतलेले असते आणि साखर सोडायला मोकळे नसते. घाम, बरळणे, डोळे जड. घरच्यांना वाटते चढली आहे, आणि माणूस खरे तर बेशुद्धीच्या वाटेवर असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर रक्तस्रावाचे भय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटले की दारूचे असे कोणतेही प्रमाण नाही की जे प्रकृतीला निर्धोक म्हणता येईल. "हृदयाला चांगली असते" हे आता विसरावे.

आपले पिणे कोणत्या घरात बसते हे पाहायला चार प्रश्न आहेत. जॉन यूइंग या डॉक्टरांनी ते १९८४ साली प्रसिद्ध केले. कमी करावी असे कधी मनात आले का? कोणी टोकले तर राग येतो का? स्वतःलाच अपराधी वाटते का? आणि सकाळी उठल्याबरोबर थरथर थांबवायला घ्यावी लागते का, ज्याला आपल्याकडे उतारा म्हणतात? दोन उत्तरे हो आली तर डॉक्टरांशी बोलायला हवे. म्हाताऱ्या माणसाचे एक आले तरी बोलावे, असे मी म्हणेन. चौथ्याचे उत्तर हो असेल तर उद्यावर टाकू नये.

त्या चौथ्या प्रश्नावरून एक रात्र सांगते. मी तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होते. सर्जरीतून निरोप आला की तुमच्या भाषेतला एक म्हातारा आहे, ऐकत नाही, येता का? खुब्याच्या ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. ते गृहस्थ कॉटवरून उतरायला पाहत होते, अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, नाडी जोरात. हिब्रू पार विसरले होते. चादरीवरच्या मुंग्या झाडत मला म्हणाले, "पोरी, भरती आलीय, पाणी ओट्यावर चढलं, आईला उठव." ते रेवदंड्याच्या घरात होते. दाखल करताना मुलाने लिहून दिले होते की वडील सणासुदीला थोडीशी घेतात. मी त्याला बाहेर नेऊन मराठीतच विचारले. तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि मग म्हणाला, रोज अर्धी बाटली, आई गेल्यापासून. ही मुलाची लबाडी नव्हती. बापाची लाज होती. पण तोपर्यंत सगळे समजत होते की म्हातारपणाचा भ्रम असेल. खरे समजल्यावर त्या रात्रीच उपचार सुरू झाले, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, आणि चार-पाच दिवसांनी ते पुन्हा माझ्याशी हिब्रूत भांडू लागले.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असे होते. पहिल्या दिवसात थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम. यात जीव जाऊ शकतो. म्हणून रागाच्या भरात बाटली बेसिनमध्ये ओतून "आजपासून बंद" असे कोणी करू नये. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, नालट्रेक्सोन त्यांतली एक. यकृत तपासून डॉक्टर देतात. नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात व्यसनांसाठी वेगळे कार्यकर्ते असतात, ए. ए.च्या बैठकाही इस्राएलमध्ये होतात. ज्याची इतकी वाढलेली नाही त्याला मोआदोनमध्ये चार मराठी माणसे आणि पत्त्यांचा जोड मिळाला, तरी आठ वाजताची खुर्ची सैल होते.

बायकांनी विषय काढायचा तो सकाळी, चहाच्या वेळी. ग्लास हातात असताना नाही. "तुम्ही पिता" असे म्हणण्यापेक्षा "तुम्ही रात्री तीनला उठून बसता, मला भीती वाटते" असे म्हणावे. पहिले वाक्य ऐकून माणूस उठून जातो. दुसऱ्याला कधी कधी उत्तर देतो.

कुपत खोलीममध्ये जाताना नातवंडाला दुभाषा म्हणून नेऊ नका. आजोबा त्याच्यासमोर खरे सांगणार नाहीत. हिब्रू अडत असेल तर कागदावर लिहून न्या: बाटली किती मिलीलीटरची, किती दिवसांत संपते, आणि शेवटचा पेग कधी घेतला. ऑपरेशन ठरले असेल तर हाच कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांच्याही हातात द्या, दाखल होण्याच्या आधी.